जुना पोर्टेबल टाइपरायटर: पारखून घेणे आणि पुन्हा चालता करणे

बंद पडलेला म्हणून विकायला काढलेला पोर्टेबल टाइपरायटर बहुतेक वेळा मोडलेला नसतो, मळलेला असतो. वर्षानुवर्षे पेटीत पडून राहिल्यावर आतले तेल वाळून चिकट होते, त्यात धूळ आणि खोडरबराचा चुरा बसतो आणि कळ दाबली तरी अक्षराची दांडी अर्ध्यावरच थांबते. मळ काढता येतो. हरवलेला किंवा तुटलेला भाग मात्र सहसा त्याच मॉडेलचे दुसरे यंत्र मोडल्याशिवाय मिळत नाही. खरेदी करताना हाच फरक डोळ्यांसमोर ठेवावा.

पहिल्या खरेदीसाठी फार जुन्या यंत्राच्या मागे लागू नये. १९१२ साली आलेले घडीचे कोरोना ३ दिसायला मोहक आहे, परंतु त्यात कळांच्या तीनच ओळी असून आकडे आणि मोठी अक्षरे यांसाठी दोन वेगवेगळ्या शिफ्ट कळा आहेत, त्यामुळे रोजच्या लेखनाला ते अडचणीचे वाटते. १९३५चे हर्मिस बेबी, १९५०चे ऑलिव्हेटी लेटेरा २२ किंवा पन्नाशीच्या दशकातील ऑलिम्पिया एसएम ३ यांवर हात लवकर बसतो. एट्टोरे सोट्सास आणि पेरी किंग यांनी घडवलेल्या १९६९च्या लाल व्हॅलेंटाइनला संग्राहक भरपूर पैसे मोजतात, पण ते पैसे मुख्यतः रूपाचे असतात. आतली यंत्रणा ऑलिव्हेटीच्याच साध्या लेटेरा ३२ची आहे.

यंत्र समोर असेल तर आधी कॅरेज, म्हणजे कागद धरून आडवा सरकणारा वरचा भाग, हलवून पाहावी. ती अडली असेल तर लगेच भाव पाडू नये किंवा जोरही लावू नये, कारण प्रवासासाठी असलेला कॅरेजचा खटका लावलेला राहून जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. तसेच छाप उमटत नसेल तर रिबनचा रंग बदलणारी छोटी कळ पाहावी. ती पांढऱ्या खुणेवर असेल तर रिबन वर उचललीच जात नाही. ही सोय स्टेन्सिल, म्हणजे प्रती काढण्याचा मेणकागद, कापण्यासाठी होती. मग कागद चढवून प्रत्येक कळ एकदा साधी आणि एकदा शिफ्टसह दाबावी, आणि लहान-मोठी अक्षरे आलटून पालटून टाइप करून दोन्हींचा तळ एका रेषेत येतो का ते पाहावे. किंचित फरक दुरुस्त होतो. वाकलेली चौकट, खोल गंज, कागद ज्याभोवती फिरतो तो रबरी रोळ तडकलेला किंवा दागिन्यांसाठी उपटून नेलेल्या गोल काचेच्या कळा दिसल्या तर यंत्र सोडून द्यावे. आकड्यांच्या ओळीत १ नसेल तर मात्र घाबरू नये. अनेक पोर्टेबल यंत्रांवर इंग्रजी लहान एल हाच एक म्हणून चालतो.

दुरून मागवताना झाकण काढलेल्या यंत्राची छायाचित्रे आणि त्यावरच टाइप केलेला कागद मागावा. छायाचित्रात वाय आणि झेड यांच्या जागा अदलाबदल झालेल्या दिसल्या तर तो बहुधा जर्मन कळफलक असतो. कॅरेज खटक्याने बांधून, पेटीच्या आत आणि बाहेर गच्च भरण घालून पाठवण्याचा आग्रह धरावा, कारण जुन्या यंत्रांचे मोठे नुकसान वाटेतच होते.

घरी आणल्यावर पहिले काम तेल घालण्याचे नाही. माझ्या पहिल्या यंत्रात मी गंज सोडवणारा फवारा सढळ हाताने मारला. यंत्र पंधरा दिवस सुरेख चालले आणि नंतर पूर्वीपेक्षा घट्ट बसले. म्हणून आधी प्रत्येक बाजूने छायाचित्रे काढावीत, वरचे पत्रे उतरवून स्क्रू क्रमाने ठेवावेत आणि कोरड्या ब्रशने सगळा चुरा झाडून घ्यावा. नंतर सगळ्या दांड्या ज्या अर्धगोल पट्टीच्या खाचांत बसतात तिथे, रंगकामातील मिनरल टर्पेंटाइन जुन्या दातब्रशने थोडे थोडे लावावे. एकेक दांडी बोटाने वर उचलून सोडत राहावी: सुरुवातीला ती सुस्तपणे परत येते, खाचेतून तपकिरी पाणी सुटते, आणि आठ-दहा वेळा झाल्यावर ती आपोआप टपकन खाली पडू लागते. हे काम उघड्या खिडकीजवळ आणि ज्वाळेपासून दूर करावे. या खाचांत तेलाचा थेंबही घालू नये. शिवणयंत्राचे तेल सुईच्या टोकावर घेऊन फक्त कॅरेजच्या रुळांना, तेही पुसट, लावावे.

कळ दाबल्यावर टक असा आवाज येतो पण कॅरेज सरकत नाही, असे झाले तर तिला ओढणारी दोरी तुटली आहे का ते पाहावे. तिच्या जागी विणीची, न ताणणारी मासेमारीची दोरी चालते. दोरी बांधण्यापूर्वी, ती जिच्यावर गुंडाळली जाते त्या स्प्रिंगच्या डबीला तीन-चार फेरे द्यावे लागतात आणि गाठ पक्की होईपर्यंत डबी हातातून सुटू देऊ नये; सुटली तर स्प्रिंग एका झटक्यात उलगडते आणि कधी आतल्या हुकातून निघूनही जाते. ओळीच्या शेवटापर्यंत कॅरेज न रेंगाळता पोहोचेल एवढाच ताण पुरे.

रिबन बहुतेक यंत्रांना अर्ध्या इंचाची लागते. जुनी रिबन टाकून द्यावी, पण तिची धातूची रिळे कधीही फेकू नयेत. नवी रिबन त्यांच्यावरच गुंडाळावी. काही यंत्रांत रिबनच्या टोकाजवळचा धातूचा डोळा अडकल्यावरच ती उलट फिरते, म्हणून तो नसेल तर तिथे गाठ मारावी. रोळ कडक झाला असेल तर लिहिण्याच्या कागदामागे आणखी एक कागद लावावा. छाप मऊ येते आणि आवाजही कमी होतो. फार गुळगुळीत झालेला रोळ व्यावसायिकाकडून नव्या रबराने मढवून घ्यावा.

बाहेरचे अंग शेवटी, सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसावे. अल्कोहोल धातूच्या अक्षरमुखांतील शाई काढण्यापुरतेच वापरावे, कारण ते जुन्या रंगावर सांडले तर डाग पडतो. कळांजवळ ॲसिटोन तर आणूच नये. कंपनीच्या नावाची सोनेरी अक्षरे पुसताना फडके न घासता केवळ टिपावे. तिथला मळ थोडा राहिला तरी चालेल.