ऑक्टेव्हमध्ये जोडस्तंभालेख: मराठवाड्याचे आठ जिल्हे

परभणीत पोरांचं प्रात्यक्षिक घेताना मी ऑक्टेव्ह हे आकडेमोडीचं आणि आलेखांचं सॉफ्टवेअरच वापरायला लावतो. फुकट आहे, आणि मॅटलॅब या तशाच विकतच्या सॉफ्टवेअरचे बहुतेक आदेश त्यात जसेच्या तसे चालतात. आदेश रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाईप करायचे, आकडेही इंग्रजीच.

आकडे जनगणनेचे, लाखांत. आधी २००१, मग २०११: छत्रपती संभाजीनगर २९.०, ३७.०; जालना १६.१, १९.६, बीड २१.६, २५.९, परभणी १५.३, १८.४, हिंगोली ९.९, ११.८; नांदेड २८.८, ३३.६, लातूर २०.८, २४.५, धाराशिव १४.९, १६.६. (जनगणनेच्या तक्त्यात औरंगाबाद आणि उस्मानाबाद शोधा.)

चौकटी कंसात एका ओळीत एक जिल्हा लिहा, ओळ संपली की अर्धविराम द्या. आठ ओळी, दोन स्तंभ. हे उलटं झालं की हमखास हाक येते, "सर, दोनच गठ्ठे यायलेत!" कारण ऑक्टेव्ह प्रत्येक ओळीचा एक गठ्ठा करतं. अशा वेळी सारणीच्या नावापुढे एकेरी अवतरणचिन्ह टाका, ओळींचे स्तंभ होतात.

आता क्रम लावायचा. नुसतं 'सॉर्ट' नको. ते प्रत्येक स्तंभ वेगळा लावतं आणि एका जिल्ह्याचा २००१ दुसऱ्याच्या २०११ शेजारी जाऊन बसू शकतो. इथे दोन्ही वर्षांचा क्रम एकच आहे म्हणून निभावतं, पण त्या भरवशावर राहू नका. 'सॉर्टरोज' (sortrows) वापरा, दुसऱ्या स्तंभावर; ते अख्खी ओळ एकत्र हलवतं. त्याच्याकडून जुन्या जागांचे क्रमांकही मागून घ्या आणि जिल्ह्यांची नावं त्याच क्रमाने लावा. हे विसरलं तर लातूरच्या पट्टीवर हिंगोलीचं नाव येतं, आणि ऑक्टेव्ह चूक दाखवत नाही.

आलेख काढताना 'बार'ऐवजी 'बारएच' (barh) घ्या. पट्ट्या आडव्या येतात, संभाजीनगरचं लांबलचक नावही मावतं. पहिली ओळ तळाशी जाते, म्हणून चढता क्रम बरोबर बसतो: हिंगोली खाली, संभाजीनगर वर. नावं 'सेट' आदेशाने 'वायटिकलेबल'मध्ये, वर्षं 'लेजंड'मध्ये, म्हणजे रंगांच्या सूचीत. नावं रोमनमध्येच ठेवा, देवनागरी जोडाक्षरं आलेखात मोडू शकतात.

'स्टॅक्ड' लिहिलं की विभाजित स्तंभालेख येतो. दिसतो झकास, पण इथे निरर्थक: २००१ची आणि २०११ची माणसं एकावर एक रचून कोणती लोकसंख्या होणार?

अक्ष शून्यापासूनच ठेवा. कुणी 'एक्सलिम'ने तो १० पासून सुरू केला, तर हिंगोलीची २००१ची पट्टी गायबच होते. शिवाय २०११चं धाराशिव हिंगोलीच्या साडेतीन पटीहून मोठं दिसतं. खरा फरक दीडपटही नाही.

वहीत चिकटवायची प्रिंट काळी-पांढरीच निघते. म्हणून 'फेसकलर'ने २००१ला फिकट राखाडी, २०११ला गडद द्या, आणि 'प्रिंट' आदेशात ३०० डीपीआय मागा.