अंगवळणी काय पडलंय, ते कसं शोधावं

नाटकाच्या तालमीत मी संवादांच्या आधी बसणं घेते. पात्र कसं बसेल हे ठरवायचं तर आपण कसे बसतो ते ठाऊक हवं, आणि ते फार थोड्यांना सांगता येतं. घरानं, शाळेनं, कामानं शरीराला वळण लावलेलं असतं आणि आपण त्याला स्वभाव समजतो. हे वळण कुणालाही शोधता येतं.

चालण्यापासून सुरुवात करू नका. लक्ष दिलं की चाल लगेच बदलते. बसण्यापासून करा. दिवसातून काही वेळा, कुठल्याही क्षणी, आहात तसेच थांबा. वजन कुठल्या बाजूला आहे? गुडघे जुळलेत की मोकळे? पाठ टेकली आहे का? श्वास अडवून धरलाय का? हे वहीत लिहा आणि शेजारी लिहा, समोर कोण होतं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा रकाना हाच. आठवडाभरात दिसू लागतं की एकाच माणसाचे खांदे वरिष्ठांसमोर आत वळतात, धाकट्यांसमोर रुंदावतात, आणि एकटं असताना तिसरंच काही करतात.

मग टाचा जमिनीला टेकवून उकिडवं बसून पाहा. तोल मागे जात असेल, तर त्यात खुर्चीत काढलेल्या वर्षांचाही वाटा असू शकतो. (गुडघे दुखत असतील तर हे सोडून द्या.) गॉर्डन ह्यूज या मानववंशशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात जगभरातल्या बसण्या-उभं राहण्याच्या तऱ्हा गोळा केल्या. जगातली साधारण पाव माणसं काम करताना आणि विसावताना सवयीनं उकिडवी बसतात, असा त्याचा अंदाज होता. सवय हाडातही उतरते. कायम उकिडवं बसणाऱ्यांच्या घोट्याच्या सांध्यात हाडांवर लहान सपाट खुणा उमटतात. जुन्या सांगाड्यांवरही त्या सापडतात.

हातांसाठी दुसऱ्याचं हत्यार घ्या: अनोळखी सुरी, वेगळ्या दांड्याचं फावडं. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९३४च्या व्याख्यानात पहिल्या महायुद्धातली आठवण सांगितली होती. इंग्रज सैनिकांना फ्रेंच फावड्यांनी खणता येईना, म्हणून तुकडी बदलली की दर डिव्हिजनमागे ८,००० फावडी बदलावी लागत. धडधाकट, खणण्यात तरबेज माणसं ती! हात कुठे अडखळतो ते लिहून ठेवा.

आता चेंडू फेका आणि कुणाला तरी चित्रीकरण करायला सांगा. नुसता हातच हलतो की कंबर, पाठ, पाऊलही सोबत येतं? आयरिस मॅरियन यंग या तत्त्वज्ञ बाईंनी १९८०च्या निबंधात मांडलं, की मुली अंग आखडून फेकतात त्याचं कारण शरीररचनेत शोधून भागत नाही. जागा बेतानं वापरायला त्या शिकलेल्या असतात. मला हे अगदी पटतं. ‘नीट बस’, ‘हळू हस’ ऐकत वाढलेल्या मुलीला चेंडूपुरतं एकदम मोकळं व्हायला सांगणं अन्यायाचं आहे. तिच्याकडून आधी दोन्ही हात पसरून खोलीभर फिरण्याचा सराव करून घ्या.

शेवटी वहीतली एकच नोंद निवडा आणि त्याच माणसासमोर ती बदलून पाहा. आखडून बसत असाल तर कोपरं टेबलावर पसरा, थोडा वेळ तसेच राहा. लाज वाटते, भीती वाटते की राग येतो, तेही लिहा. तो नियम कुणी घातला हे बहुधा तिथेच आठवतं.

या वहीत दुसऱ्यांच्या बसण्यावर शेरे लिहू नका. त्यांचं दुखणं किंवा अपंगत्व बाहेरून दिसेलच असं नाही.