बेटकास्टरवर ब्रेड आणि लीडर: गाठ रिळात शिरू देऊ नका

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणाऱ्या माणसाच्या हातात गळाचं रीळ दिलं की तो आधी स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळायचं चाक, फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकतो, माशांचं नंतर. त्यामुळं शॉपमधली पोरं नवीन बेटकास्टर, म्हणजे फेकताना स्पूल फिरणारं रीळ, घेतलं की माझ्याकडं आणतात. तक्रार बहुतेक वेळा एकच: "मामा, ब्रेड भरली आणि नुसता गुंता व्हायलाय." रीळ बघावं तर ठणठणीत. खोट असते ब्रेडच्या, म्हणजे विणलेल्या दोरीच्या जाडीत, नाहीतर भरण्यात, नाहीतर लीडरच्या, म्हणजे ब्रेडच्या टोकाला जोडलेल्या वेगळ्या दोरीच्या तुकड्याच्या लांबीत. या तीन गोष्टी बसल्या की उरतो तो फेकताना स्पूल दाबणारा अंगठा, आणि तो सरावानंच तयार होतो.

आधी जाडी. फेकताना स्पूल न फिरणाऱ्या स्पिनिंग रिळावर लोक ०.१५ मिलिमीटरची ब्रेड लावतात, लांब जाते म्हणून. बेटकास्टरवर तिच्या वाटेला जाऊ नका. ब्रेड म्हणजे पॉलिथिलीनचे बारीक धागे विणून केलेली दोरी. ती तंगुसासारखी, म्हणजे एकसंध नायलॉनच्या दोरीसारखी, ताणत नाही आणि अंगानं घसरडी असते. मासा जोरात ओढतो किंवा गळ दगडात अडकतो तेव्हा वरचा वेढा खालच्या वेढ्यांच्या फटीत घुसतो. पुढच्या फेकीत स्पूल भरधाव फिरत असताना तोच वेढा आत अडकून बसतो. स्पूल थबकतं, ल्यूर, म्हणजे नकली आमिष, मात्र पुढं जायचं थांबत नाही. एकतर दोरी तटकन तुटते आणि पाचशेचा क्रँकबेट, म्हणजे नकली मासा, एकटाच पलीकडच्या काठाला जातो, नाहीतर रिळावर असा गुंता होतो की सोडवताना सूर्य मावळतो. दोरी जितकी बारीक तितकी ती खोल घुसते. म्हणून बेटकास्टरवर कमीत कमी ३० पाउंड ताण सोसणारी, म्हणजे साधारण ०.२८ मिलिमीटरची ब्रेड लावा. शेवाळ-पानवेलीत मरळ धरायची असेल तर ५० पाउंडाची, ०.३६ च्या आसपासची. एवढ्या ताकदीचा मासा आपल्याकडं कुठं आहे, असं पोरं विचारतात. ताकदीसाठी नाही रे, जाडीसाठी.

डब्यावरच्या आकड्यावर फार विसंबू नका. मायक्रोमीटर लावायचा मोह होतो, पण ब्रेड जबड्यात चपटी होते आणि माप खोटं येतं. त्यापेक्षा पेन्सिलीवर शेजारीशेजारी, एकमेकांना टेकून २० वेढे घ्या, सगळ्यांची मिळून रुंदी व्हर्नियरनं मोजा आणि २० नं भागा. स्वस्त चार पदरी ब्रेड बऱ्याचदा सांगितल्यापेक्षा जाड निघते. त्यात वाईट काही नाही, फक्त स्पूलवर कमी मावते. आठ पदरी ब्रेड गोल आणि मऊ असते, रॉडच्या रिंगांतून जाताना आवाज कमी करते. चार पदरी जरा खरखरीत, पण दगडाला जास्त टिकते. मी मलप्रभा नदीला चार पदरी आणि हिडकल धरणावर आठ पदरी वापरतो.

आता भरणं. ब्रेड थेट स्पूलच्या धातूवर गुंडाळली तर गाठ कितीही घट्ट असू दे, सगळा गठ्ठा स्पूलवर फिरतो. हँडल फिरतं, मासा येत नाही, आणि वाटतं ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढतो तेव्हा दोरी सोडणारी यंत्रणा, गेला. म्हणून तळाला तंगूस घालायचं. किती घालायचं त्याचा हिशेब साधा आहे: दोरी जागा खाते ती जाडीच्या वर्गाच्या हिशेबानं. समजा रिळावर लिहिलंय की ०.३३ चं तंगूस १०० मीटर मावतं, आणि तुम्हाला ०.२८ ची ब्रेड १०० मीटर भरायची आहे. ०.२८ चा वर्ग ०.०७८४, ०.३३ चा वर्ग ०.१०८९. पहिल्याला दुसऱ्यानं भागा, ०.७२. म्हणजे १०० मीटर ब्रेड ७२ मीटर तंगुसाची जागा घेणार. उरलेले २८ मीटर तंगूस खाली. ब्रेड डब्यापेक्षा जाड निघाली तर मोजलेला आकडा घेऊन हाच हिशेब पुन्हा करा.

भरताना दोरीचं बंडल पेन्सिलीवर अडकवून कुणालातरी धरायला सांगा, म्हणजे ते चाकासारखं फिरेल. बंडल जमिनीवर ठेवून बाजूनं दोरी ओढली की तिला पीळ बसतो. रिळाच्या पुढं ओल्या फडक्यात ब्रेड चांगली आवळून धरा. आवळून म्हणजे हँडल फिरवायला जोर लागला पाहिजे. उघड्या बोटांत धरू नका, ब्रेड कातडी कापते. हे काम सैल झालं तर पुढचं सगळं फुकट, कारण सैल भरलेल्या स्पूलमध्ये ५० पाउंडाची ब्रेडसुद्धा घुसते. काठापासून दोनतीन मिलिमीटर जागा राखून थांबा.

लीडर लावायचा की नाही हे पाणी बघून ठरवा. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि उत्तर ऐकून पोरं नाराज होतात, कारण त्यांनी लीडरसाठी फ्लोरोकार्बनचं, म्हणजे पाण्यात कमी दिसणाऱ्या दोरीचं बंडल आधीच आणलेलं असतं. गावतळ्यात, जिथं अर्ध्या पाण्यावर पानं पसरलीत, तिथं रबरी बेडूक ओढायचा तर लीडर नकोच. बेडूक थेट ब्रेडला बांधा. मरळ पानाखालून वर येते, वर बघून झडप घालते, तिला दोरीचा रंग बघायला सवड नसते. पकडल्यावर तिला देठांच्या जंजाळातून ओढून काढायचं असतं, आणि ब्रेड देठ कापत येते. मध्ये गाठ असली की तिला शेवाळ लोंबतं. पावसाळ्यात कृष्णा, दूधगंगा लाल गढूळ वाहतात तेव्हाही दोरी लपवायला लीडर नको. फक्त शिवडा या माशाच्या मागं असाल तर हातभर जाड तंगूस जोडा, ४० पाउंडाचं. त्याच्या जबड्यात बारीक दातांचे पट्टे असतात आणि ते दोरी किसणीसारखी झिजवतात.

शिवडा सोडला तर लीडर लागतो तो दोन ठिकाणी. एक, उन्हाळ्यात धरणाचं पाणी निवळतं तेव्हा. हिडकलचं पाणी उतरून हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडलं की समजायचं, काठालगत आता मासा माणसाच्या सावलीलाही बिचकणार. तिथं फ्लोरोकार्बन कामाला येतं. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो तो आकडा, १.४२ च्या आसपास, पाण्याचा १.३३. नायलॉन त्याहून दूर, म्हणून ते जास्त दिसतं. फ्लोरोकार्बन पाण्यात बुडतं, ब्रेड तरंगते, त्यामुळं खोल जाणाऱ्या ल्यूरलाही फायदा. दोन, खडक. खानापूरच्या खाली मलप्रभेचं पात्र असो की गोकाककडचे वालुकाश्माचे कातळ, ताणलेली ब्रेड खडकाच्या कडेला घासली की एका झटक्यात जाते. तंगूस किंवा फ्लोरोकार्बन एकसंध असल्यामुळं ओरखडे सोसतं. खडकाळ जागी मी साधं तंगूसच लावतो. स्वस्त पडतं, आणि थोडं ताणतं म्हणून ब्रेडचा धक्काही पचवतं.

लीडर ब्रेडपेक्षा कमी ताकदीचा हवा. ३० ची ब्रेड, २० चा लीडर. अडकलं आणि तोडायची वेळ आली तर टोकाला तुटेल, शंभर मीटर ब्रेड पाण्यात राहणार नाही.

लांबीकडं मात्र नीट लक्ष द्या. स्पिनिंग रिळावर लांब लीडर गुंडाळून फेकतात, ते बघून पोरं बेटकास्टरवरही तेच करतात. बेटकास्टरला पुढं दोरी स्पूलवर सारखी पसरवणाऱ्या लेव्हल वाइंडचं बारीक तोंड असतं. फेकताना स्पूल पूर्ण वेगात, आणि दोरी त्या तोंडातून वाकून बाहेर पडते. गाठ तिथं टकरली की क्षणभर दोरी अडते, स्पूल अडत नाही, आणि झाला गुंता. शिवाय जाड फ्लोरोकार्बन छोट्या स्पूलवर गुंडाळलं की उसळी मारून वेढे उचलतं. यावर उपाय गाठ बारीक करणं हा आहेच, पण त्याहून सोपा म्हणजे गाठ तिथवर जाऊच न देणं. तुमचा रॉड साडेसहा फुटी असेल तर रिळापासून टोकापर्यंत साधारण १६५ सेंटिमीटर, आणि फेकताना ल्यूर टोकाखाली वीतभर लोंबतो. म्हणजे दीड मीटरपर्यंतचा लीडर लावला तर गाठ रिंगांत येते, रिळात शिरत नाही. निवळ पाण्यात दीड मीटर, खडकात पाऊण मीटर पुरतो. लीडर कापून कापून आखूड होत जातो, तेव्हा सुरुवात दीडवरच करा.

गाठ दोनपैकी एक. काठावर, वाऱ्यात, अंधार पडताना डबल युनी. ब्रेडच्या बाजूला आठ वेढे, लीडरच्या बाजूला पाच, थुंकी लावून हळू आवळायची. जाड होते, पण भरवशाची आहे. घरी निवांत बसून बांधायची ती एफजी, आणि ती रिंगांतून अशी जाते की समजतसुद्धा नाही. ब्रेड ताणलेली ठेवणं हाच तिचा सगळा खेळ. रॉड खिडकीला टेकवा, ब्रेडचं मोकळं टोक दातांत धरा, मधली ब्रेड तारेसारखी ताठ. आता लीडरचं टोक ब्रेडवर आडवं ठेवून एकदा वरून, एकदा खालून असं आलटून पालटून फिरवा. प्रत्येक वेळी वेढे शेजारी बसले पाहिजेत, एकावर एक चढता कामा नयेत. दोन्ही मिळून २० वेढे झाले की ब्रेडच्या मोकळ्या टोकानं लीडर आणि मुख्य ब्रेड दोन्हींभोवती एक अर्धी गाठ मारा. मग ओलं करून मुख्य ब्रेड आणि लीडर विरुद्ध बाजूला जोरात ओढा. ब्रेडचा रंग गडद होऊन ती लीडरमध्ये रुतलेली दिसली पाहिजे. दिसत नसेल तर सुटणार, परत बांधा. नंतर आलटून पालटून पाचसहा अर्ध्या गाठी, लीडरचं उरलेलं टोक अगदी मुळाशी कापायचं, आणि फक्त मुख्य ब्रेडवर आणखी तीनचार. लीडरचं टोक लायटरनं हलकं गोल करतात, पण ब्रेडला आच लागू देऊ नका. पॉलिथिलीन दीडशे अंशाच्या आतच वितळतं.

पाण्यावर गेल्यावर आधी स्पूलच्या बाजूची टेन्शन नॉब लावून घ्या. ल्यूर बांधा, थंब बार, म्हणजे स्पूल मोकळं करणारा खटका, दाबा. ल्यूर हळू खाली गेला पाहिजे आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबलं पाहिजे. ल्यूर बदलला की हे पुन्हा. फेकताना स्पूल आवरणारे ब्रेक पहिल्या दिवशी बरेच वर ठेवा. हिडकलला दुपारनंतर वारा समोरून येतो तेव्हा तर नक्कीच. ब्रेडला हिसका देऊन फेकू नका, रॉड लांब आणि गोल फिरवून ल्यूर सोडा. सात ग्रॅमच्या खालचे ल्यूर साध्या बेटकास्टरवर नीट जात नाहीत, त्याला स्पिनिंग रीळच बरं.

ड्रॅग बाजारातल्या स्प्रिंगच्या काट्यानं मोजा. २० पाउंडाचा लीडर म्हणजे नऊ किलो. अडीच किलोला ड्रॅग सुटला पाहिजे. ब्रेड ताणत नसल्यामुळं तिहेरी गळ माशाच्या तोंडातून फाटून निघतो, म्हणून क्रँकबेटला मऊ रॉड घ्या. बेडकाला कडक.

दगडात अडकलं की रीळ फिरवून ओढू नका. दोरी स्पूलमध्ये रुतते आणि शाफ्टवर नको तो भार येतो. ब्रेड हातालाही गुंडाळू नका, बोट कापेल. काठावरचं लाकूड घ्या, त्यावर चार वेढे मारा आणि सरळ रेषेत मागं चाला. सुटलं की पुढच्या फेकीआधी रुतलेल्या भागाच्या पलीकडंपर्यंत दोरी हातानं ओढून काढा आणि ओल्या फडक्यातून पुन्हा भरा. हे दोन मिनिटांचं काम टाळलेला माणूस पुढच्याच फेकीला ल्यूर गमावतो.

लीडरची शेवटची वीतभर लांबी अधूनमधून ओठांवरून फिरवून बघा. खरखर लागली की कापा. रिंगांना चर पडला का हे कापसाच्या काडीनं समजतं, तंतू अडकले तर ती रिंग ब्रेड खाणार. कापलेले तुकडे खिशात. ही दोरी कुजत नाही, आणि काठावर चरणाऱ्या म्हशींच्या खुरात गुंडाळलेली मी बघितलीय.

धरणं आणि तळी बहुतेक ठेक्यानं दिलेली असतात. आधी ठेकेदाराला किंवा मत्स्य खात्याला विचारा. चंदगडच्या बाजूला उतरलात तर राज्य बदलतं, तिथली परवानगी वेगळी. राकसकोपचं पाणी बेळगाव पितं, तिथं मी गळ टाकत नाही. खडस, म्हणजे महसीर, लागली तर ओल्या हातानं धरून सोडून द्या.

ब्रेडचा पुढचा अर्धा भाग फिका आणि केसाळ झाला की फेकून देऊ नका. आधी एका मोकळ्या रिळावर, तिथून दुसऱ्यावर उतरवा आणि मग मूळ रिळावर परत भरा, आतली कोरी बाजू वर येते. तळाचं तंगूस तेच चालतं.