दुसऱ्या वर्षाला विद्यापीठ बदलायचंय? हिशोब पहिल्या सेमिस्टरपासून ठेवा

दिवाळी झाली की आमच्याकडे कुणी ना कुणी म्हणतंच, “यंदाचं वर्ष इथं काढतो, पुढच्या वर्षी पुण्याला जायलो.” म्हणणारे पुष्कळ असतात, जाणारे थोडे. जे राहून जातात त्यातले बरेच हुशार असतात, फक्त त्यांनी अभ्यासाला मार्चमध्ये सुरुवात केलेली असते. मी परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बीएस्सीचं पहिलं वर्ष करून बाहेर पडले. निघता निघता जवळजवळ अडकलेच होते, ते पुढे सांगते.

आधी आकडा विचारा

ज्या कॉलेजात जायचंय तिथं सप्टेंबरातच चौकशी करा. दुसऱ्या वर्षाला जागा रिकामी राहिली तरच बाहेरचा विद्यार्थी घेतात, आणि किती सीजीपीएवर, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या मिळून दहापैकी सरासरीवर, घेतात हे त्या त्या कॉलेजवर असतं. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका, ईमेलवर मागा. “साडेसात पाहिजे आणि सगळे विषय सुटलेले पाहिजेत” असं उत्तर आलं, तर त्यातला दुसरा भाग जास्त जड आहे. आठ सीजीपीए आणि एक एटीकेटी, म्हणजे एक राहिलेला विषय, घेऊन गेलेला मुलगा परत येतो, सात पॉइंट सहावाला आत जातो.

दुसरी चौकशी नकाशाची. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली; डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव. परभणीहून नांदेडला गेलात तर कॉलेज बदलतं, विद्यापीठ तेच राहतं आणि कागद कमी लागतात. अंबाजोगाईहून लातूर एसटीनं जवळ वाटतं, पण तिथं विद्यापीठच बदलतं. मग मायग्रेशन म्हणजे जुनं विद्यापीठ सोडल्याचा दाखला, पात्रता, अभ्यासक्रमाची समकक्षता, सगळी वरात मागं लागते.

क्रेडिटचा हिशोब वहीत मांडा

हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण कुणी करत नाही. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन, आणि प्रत्येक श्रेणीला एक आकडा असतो. ओ म्हणजे 10, ए प्लस 9, ए 8, बी प्लस 7, बी 6, सी 5, पी 4 आणि नापास म्हणजे शून्य. विषयाचे क्रेडिट गुणिले श्रेणीचा आकडा, सगळ्या विषयांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. एका सेमिस्टरचं उत्तर म्हणजे एसजीपीए. किती मार्कांना कोणती श्रेणी, हे विद्यापीठागणिक बदलतं, तेव्हा स्वतःच्या गुणपत्रिकेच्या मागची बाजू वाचा. टक्के काढायचं सूत्रही तिथंच असतं. सरसकट दहानं गुणून अर्जात भरू नका.

समजा दोन्ही सेमिस्टर 22-22 क्रेडिटची आहेत आणि पहिल्यात 6.5 पडले. वर्षअखेर साडेसात हवेत तर 44 क्रेडिट गुणिले 7.5, म्हणजे एकूण 330 गुण लागतात. पहिल्यात झाले 143, उरले 187. म्हणजे दुसऱ्या सेमिस्टरला 8.5 काढावे लागतील, निम्म्या क्रेडिटला ए आणि निम्म्याला ए प्लस. आतापर्यंत बी आणि बी प्लसमध्ये फिरणाऱ्यानं हे एकदम कुठून आणायचं? पहिल्यातच साडेसात पडले असते तर दुसऱ्यात तेवढेच पुरले असते.

याच हिशोबातून अभ्यासाची वाटणीही निघते. चार क्रेडिटच्या विषयात एक श्रेणी वर चढलात की एसजीपीए 0.18 नं वाढतो, दोन क्रेडिटच्या विषयात 0.09 नं. मी पहिल्या सेमिस्टरला दोन क्रेडिटच्या आवडत्या विषयावर महिना घालवला, त्यात ओ आणला आणि चार क्रेडिटचं गणित पी वर सोडलं. तेच गणित बी ला नेलं असतं तर आठ गुण जास्त मिळाले असते. आवडता विषय आपण आपसूक वाचतोच, वेळापत्रकात जागा नावडत्याला द्या.

अंतर्गत गुण डोळ्यांत तेल घालून सांभाळा

लेखी पेपर कोण तपासणार, कसा तपासणार, ते आपल्या हातात नाही. टेस्ट, असाइनमेंट, जर्नल, तोंडी हे बऱ्यापैकी आपल्या हातात आहे. तरी मुलं तिथंच ढिली पडतात, कारण “सर देतील की.”

माझं झालं ते असं. टेस्ट दिली होती, पेपर बरा गेला होता. निकालात त्या विषयापुढे एबी, म्हणजे गैरहजर. हजेरीपटावर माझी सही होती, मार्क संगणकात चढवताना कुणाची तरी ओळ चुकली होती. चूक कुणाचीही असो, नापास मी होते. दुरुस्तीचं पत्र निघायला तीन आठवडे लागले. खालच्या टेबलावरून वरच्या टेबलावर, साहेब आज रजेवर, उद्या मीटिंगला. तोवर नव्या कॉलेजची कागदपत्रांची तारीख दोनच दिवसांवर आली होती.

तेव्हापासून सगळ्यांना सांगते: टेस्टच्या तपासलेल्या पेपरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जर्नलवर प्रत्येक प्रयोगाला तारखेसह सही घ्या, सगळ्या सह्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. आणि अंतर्गत गुण विद्यापीठाकडे जाण्याआधी सरांना नम्रपणे विचारा, “सर, माझे किती चढवलेत ते बघू का?” चिडणारे थोडे असतात, बहुतेक दाखवतात.

आपल्याकडचं कॅलेंडर वेगळं

हजेरीला 75 टक्क्यांचा नियम आहे आणि तो मोडतो ऑक्टोबरात. सोयाबीन काढणीला आलेलं, मजूर मिळत नाही, आभाळ भरून आलेलं. आमचे बाबा म्हणायचे, “कॉलेज काय पळून जायलंय का?” त्यांचं खोटं नव्हतं, भिजलेलं सोयाबीन कॉलेजनं भरून दिलं नसतं. पाठोपाठ कापसाची वेचणी, दिवाळी, आणि लगेच परीक्षा. त्यामुळं जुलै-ऑगस्टमध्ये एकही तास बुडवू नका. काढणीच्या पंधरा दिवसांची शिल्लक तिथंच पडते. त्या दिवसांत नोट्स कोण देणार, हेही आधी ठरवा. दुसऱ्या सेमिस्टरला हेच काम लग्नसराई करते. चुलतभावाच्या हळदीपासून पाठवणीपर्यंत थांबायची गरज नसते, अक्षता टाकून परतलं तरी चालतं. रुसवा होतो, पण दोन महिन्यांत निवळतो.

निकालानंतर पहिला आठवडा

अपेक्षेपेक्षा फार कमी मार्क दिसले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. मुदत मोजक्या दिवसांची असते, गावी बसून ग्रुपवर हळहळण्यात ती संपते. प्रत हातात आली की आधी बेरीज तपासा, मग एखादा प्रश्न तपासायचा राहिलाय का ते बघा, आणि विषयाच्या शिक्षकांना दाखवूनच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा. नुसत्या रागापोटी फी भरू नका.

कागद

डिजिलॉकर या सरकारी ॲपमधून ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिटचं, म्हणजे मिळवलेली क्रेडिट ऑनलाइन जमा होतात ते, खातं उघडून क्रेडिट जमा झालेत का ते पाहा. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2021 मध्ये ही सोय आणली. तिथं क्रेडिट दिसतात म्हणजे जागा मिळाली, असा मात्र समज करून घेऊ नका. समकक्षता ठरवताना पेपरचं नाव बघून भागत नाही, आतले घटक जुळावे लागतात. म्हणून पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाची प्रत कॉलेजच्या शिक्क्यानिशी घेऊन ठेवा. शिष्यवृत्ती असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज जुन्या कॉलेजच्या नावावर असतो, त्याचं पुढे काय करायचं ते दोन्ही कॉलेजांच्या शिष्यवृत्ती विभागात विचारा.

टीसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, सगळ्यात शेवटी काढा. नव्या कॉलेजचं जागा दिल्याचं पत्र हातात आल्याशिवाय नाही, कारण टीसी काढली की जुन्या कॉलेजातलं नाव कमी होतं. आणि मूळ टीसी नव्या कॉलेजात जमा करण्याआधी तिच्या चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा. मी एकच काढली होती. पुढं हॉस्टेलला, बँकेला, एसटीच्या पाससाठी, जिथं गेले तिथं पहिला प्रश्न टीसीचा आला, आणि ती एक झेरॉक्स घडी पडून पडून मधोमध फाटली.