दुर्बिणीत शिरणारा परका प्रकाश कसा शोधावा

मुंबईत गच्चीवरून टिपलेल्या आकाशचित्राच्या एका कोपऱ्यात उजेडाचा पट्टा उतरला, की आपण शहराच्या आकाशाला दोष देऊन मोकळे होतो. पुष्कळदा तो दोष खराही असतो. परंतु तोच पट्टा मुंबईबाहेर वांगणीच्या काळोखातही सोबत आला, तर दुर्बीण तपासायला घ्यावी. फटीतून थेट सेन्सरपर्यंत पोचणारा प्रकाश ही गळती, तर योग्य वाटेने आत येऊनही नळीच्या भिंतीवर किंवा फिल्टरच्या काचेवर आपटून भलतीकडे जाणारा प्रकाश हे अंतर्गत परावर्तन. गळतीची परीक्षा घरात, ढगाळ रात्रीही करता येते, म्हणून आधी तीच निकालात काढावी.

कॅमेरा दुर्बिणीला नेहमीसारखा जोडावा, पुढचे झाकण लावावे आणि नेहमीच्याच गेनवर (सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या मापावर) व तापमानाला ३०० सेकंदांचे दोन डार्क (झाकण लावून घेतलेली, पुढे खऱ्या चित्रातून वजा करायची काळी चित्रे) घ्यावेत: एक पूर्ण अंधारात आणि दुसरा खोलीतला दिवा लावून. दुसऱ्याच्या उजेडाची मध्यम पातळी (मीडियन) वाढली, किंवा संगणकावर कॉन्ट्रास्ट ताणून पाहिल्यावर एका बाजूला उजळपणा दिसला, तर गळती आहे. मग फोकसरची (प्रतिमा स्पष्ट करणाऱ्या भागाची) सरकनळी, फिल्टर बसवायच्या व्हीलची किंवा ड्रॉवरची शिवण, ऑफ-ॲक्सिस गायडरचे (माग ठेवणाऱ्या कॅमेऱ्याकडे थोडा प्रकाश वळवणाऱ्या जोडाचे) तोंड, डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर अशी एकेक जागा जाड काळ्या कापडाने झाकून चाचणी पुन्हा करावी; ज्या जागी कापड लावल्यावर उजळपणा जातो, ती फट. कॅमेऱ्याला शीतकरण नसेल, तर तापमानही पातळी वाढवते, म्हणून उजेडातले आणि अंधारातले डार्क आलटून पालटून घ्यावेत.

या चाचणीत एक फसगत हमखास होते. दिवा पांढरा एलईडी असेल, तर त्यात अवरक्त प्रकाश जवळजवळ नसतो. सेन्सर मात्र सुमारे १००० नॅनोमीटरपर्यंत पाहू शकतो आणि डोळ्यांना काळेकुट्ट दिसणारे पुष्कळ प्लास्टिक अवरक्ताला पारदर्शक असते. एलईडीखाली निर्दोष ठरलेले झाकण अशा वेळी दिवसा डार्क घेताना दगा देते. यासाठी माळ्यावर पडलेला जुना तारेचा बल्ब शोधून काढावा, आणि झाकणावर ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळून फरक पडतो का ते पाहावे. गळतीचा डार्क खऱ्या चित्रातून वजा केला, तर तिथे उलट काळा डाग उमटतो आणि दोष आकाशाचा नाही, हे कळायलाच वेळ लागतो.

न्यूटनीय (आरशाच्या) दुर्बिणीत आरशामागचे उघडे टोक विसरू नये. जिन्यातल्या दिव्याचा उजेड तिथून आत येतो, हे मला महिनाभर सुचले नव्हते आणि तोवर मी ठाण्याच्या दिशेच्या आकाशाला नावे ठेवत होतो. आरसा थंड झाल्यावर मागे काळे कापड ताणून बांधले, तरी पुरते.

परावर्तन शोधायला कॅमेरा काढून, सूर्य अजिबात समोर येणार नाही याची खात्री करून, नळी दिवसाच्या उजळ आकाशाकडे वळवावी आणि सेन्सरच्या जागेवरून आत पाहावे. भिंगाच्या किंवा आरशाच्या वर्तुळाखेरीज जे चमकते, ते गुन्हेगार. एक्स्टेंशन ट्यूबचे (कॅमेऱ्याचे अंतर वाढवणाऱ्या जोडनळीचे) आतले आटे इथे बहुधा सापडतात, कारण काळे ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवरचा काळा थर) तिरप्या कोनात करडे चमकते. तिथे मॅट काळा रंग पुरतो. मोठ्या नळीला मात्र काळी मखमल चांगली, आणि ती मंगलदास मार्केटमध्ये वारावर मिळते. बसवण्याआधी चिकटपट्टीने तिचे सुटे धागे काढावेत. पावसाळ्यात मखमल ओल धरते आणि काचेवर बुरशी आणते, म्हणून नळी सिलिका जेलसह बंद ठेवावी.

ठळक ताऱ्याभोवतीचे वलय हा निराळा प्रकार आहे. मृगातल्या त्रिकांडाचा पूर्वेकडचा तारा, अल्निटाक, हा त्याचा उत्तम परीक्षक. वलयाचा सेन्सरवरील व्यास नाभीय गुणोत्तराने (नाभीय अंतर भागिले दुर्बिणीचा व्यास; एफ/५ म्हणजे ५) गुणून निम्मा केला, की परावर्तन करणाऱ्या दोन पृष्ठभागांमधले अंतर साधारणतः मिळते. समजा, ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलवर वलय ५०० पिक्सेल रुंद आहे, म्हणजे १.८८ मिलिमीटर, दुर्बीण एफ/५ असल्यास अंतर ४.७ मिलिमीटर येते. फिल्टर सेन्सरपासून १५ मिलिमीटरवर असेल, तर दोषी तो नसून कॅमेऱ्याची संरक्षक काच असण्याचा संभव अधिक, आणि महागडा फिल्टर बदलून काही साधणार नाही. अंतर फिल्टरशी जुळले, तर तो आधी उलटा लावून पाहावा, नाहीतर दूर सरकवावा: अंतर दुप्पट झाले की वलय चौपट क्षेत्रावर पसरते आणि पाव तेजाचे उरते.

यातली कोणतीही दुरुस्ती केल्यावर जुने फ्लॅट (आकाशचित्रातला असमान उजेड सुधारायला घेतलेली एकसारख्या उजेडाची चित्रे) वापरू नयेत. आत भटकणाऱ्या प्रकाशाची छाप त्यांच्यावरही असते, आणि तेच लावले तर बऱ्या झालेल्या दुर्बिणीच्या चित्रातही जुना दोष उलटा होऊन दिसतो.