ॲप्लिकेशनचे लॉग आरसिस्लॉगमधून हव्या त्या ठिकाणी कसे वळवावेत

उबुंटू सर्व्हरवरील ॲप्लिकेशन सिस्लॉगकडे (लॉग, म्हणजे नोंदी, गोळा करणारी यंत्रणा; उबुंटूवर हे काम आरसिस्लॉग करतो) नोंदी पाठवत असेल आणि वेगळी व्यवस्था केलेली नसेल, तर त्या कर्नल (प्रणालीचा गाभा) व क्रॉन (ठरल्या वेळी कामे चालवणारी सेवा) यांच्या नोंदींसह एकाच मुख्य सिस्लॉग फाइलमध्ये जमा होतात आणि ऐन बिघाडाच्या वेळी नेमकी ओळ शोधणे जिकिरीचे होते.

प्रत्येक नोंदीसोबत फॅसिलिटी, म्हणजे ती कुठून आली, आणि तीव्रता असे दोन तपशील येतात. लोकल ० ते लोकल ७ या आठ फॅसिलिटी स्थानिक वापरासाठीच राखलेल्या असल्याने त्यांपैकी एक, समजा लोकल ३, ॲप्लिकेशनच्या सेटिंगमध्ये निवडावी. नियमात फॅसिलिटीनंतर टिंब देऊन 'एरर' लिहिल्यास एरर आणि त्याहून गंभीर अशा सर्व नोंदी पकडल्या जातात. फक्त तीच पातळी हवी असल्यास तिच्याआधी बरोबरचे चिन्ह द्यावे.

खरी मेख क्रमात आहे. आरसिस्लॉगच्या नियमांच्या फाइली नावांच्या क्रमाने वाचल्या जातात. मूळ नियमांच्या फाइलचे नाव ५० ने सुरू होते, म्हणून आपल्या फाइलचे नाव ३० ने सुरू करावे. तीत आधी दूरच्या सर्व्हरकडे पाठवण्याचा नियम, मग लोकल ३ च्या सर्व नोंदी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याचा नियम आणि त्याच्या लगेच खालच्या ओळीत अँड चिन्हापुढे 'स्टॉप' लिहावे, म्हणजे नोंद तिथेच थांबते आणि मूळ नियमांमार्फत मुख्य फाइलमध्ये जात नाही. 'स्टॉप' वर सरकला, तर त्याच्या खालच्या नियमांपर्यंत नोंद पोहोचतच नाही.

दूरच्या सर्व्हरच्या पत्त्याआधी एक ॲट चिन्ह म्हणजे यूडीपी (पोचपावतीविना पाठवण्याची पद्धत) आणि दोन म्हणजे टीसीपी (पोचपावतीसह पाठवण्याची पद्धत). यूडीपीत हरवलेल्या नोंदीचा मागमूसही राहत नाही, म्हणून टीसीपीच निवडावे. मात्र समोरचा सर्व्हर बंद पडल्यास रांग तुंबून स्थानिक लॉगिंगही अडू शकते, त्यामुळे या नियमाला लिंक्डलिस्ट प्रकारची (गरजेनुसार मेमरी घेणारी) स्वतंत्र रांग, तिच्यासाठी डिस्कवरील फाइलचे नाव आणि पुनःप्रयत्नांची संख्या उणे १ (म्हणजे अमर्याद) देणे मी अनिवार्य मानतो.

सेवा रीस्टार्ट करण्यापूर्वी 'आरसिस्लॉगडी' ही आज्ञा कॅपिटल एन आणि १ या पर्यायासह चालवून नियमांतील चुका तपासाव्यात. नंतर 'लॉगर' या आज्ञेने लोकल ३ वर चाचणीची ओळ पाठवून ती नव्या फाइलमध्ये आली आणि मुख्य फाइलमध्ये आली नाही, या दोन्ही गोष्टींची खात्री करावी. नवी फाइल कोरीच राहिली, तर आधी तिची मालकी पाहावी, कारण उबुंटूवर आरसिस्लॉग 'सिस्लॉग' या वापरकर्त्याच्या नावाने लिहितो आणि रूटने हाताने तयार केलेल्या फाइलमध्ये त्याला लिहिता येत नाही. शेवटी या फाइलचे नाव लॉगरोटेटच्या (लॉग फाइली फार वाढू नयेत म्हणून ठरावीक काळाने बदलणारे साधन) यादीतही घालावे.