मेल लिहिण्याआधी एकदा समोरच्याच्या जागी बसून बघा

मेलला रिप्लाय येत नाही ना, तर बरेचदा कारण साधं असतं, आपल्याला काय सांगायचंय ते सगळं लिहिलेलं असतं पण समोरच्याने काय करायचंय ते कुठेच नसतं. त्यामुळे टाईप करायच्या आधी थोडं थांबा आणि तो माणूस हा मेल कुठे, कसा वाचणारे ते डोळ्यासमोर आणा. तुमची मॅनेजर ठाण्याहून ऐरोलीला ट्रान्सहार्बर लोकलने निघालीये, एक हात हँडलला, दुसऱ्यात मोबाईल, आणि स्क्रीनवर दिसतंय फक्त तुमचं नाव, सब्जेक्टचे चार-पाच शब्द आणि मेलची सुरुवात. ती सुरुवात 'आशा आहे आपण मजेत असाल' मध्ये घालवू नका! 'शुक्रवारी सुट्टी हवीये, क्लायंट कॉल रोहन घेईल, चालेल का?' एवढं पहिल्याच ओळीत आलं तर ती उतरायच्या आधी 'हो' टाकून मोकळी होते.

सोसायटीच्या मेलमध्ये तर हे फार जाणवतं. समजा घणसोलीत पाणी कमी येतंय आणि कमिटीने वॉर्ड ऑफिसला लिहिलं, 'गेल्या अनेक दिवसांपासून रहिवासी त्रस्त आहेत, आम्ही वेळेवर टॅक्स भरतो, तरी त्वरित कारवाई करावी.' राग खरा आहे, मान्य, पण मेल उघडणाऱ्या क्लार्कला तो पुढे पाणीपुरवठ्याच्या इंजिनियरकडे पाठवायचाय आणि यातून त्याला काहीच कळत नाही. नवी मुंबईत पत्ता म्हणजे नोड (घणसोलीसारखा भाग), सेक्टर, प्लॉट नंबर, तो सब्जेक्टमध्येच टाका: 'घणसोली सेक्टर अमुक, प्लॉट अमुक, 3 तारखेपासून सकाळचं पाणी नाही'. खाली लिहा की सगळ्या विंगमध्ये प्रॉब्लेम आहे की एकाच, शेजारच्या बिल्डिंगला येतंय का, बिलावरचा ग्राहक क्रमांक, आणि माणूस बघायला आला तर टाकीची चावी कोणाकडे आहे त्याचा मोबाईल नंबर. हे शेवटचं कोणी लिहीत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे, कारण आलेला माणूस गेटवरून परत गेला की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

एका मेलमध्ये एकच काम ठेवा. पाणी, पार्किंग आणि रस्त्यावरचा खड्डा एकत्र लिहिलं की तिन्ही वेगवेगळ्या लोकांची कामं एकाच्या गळ्यात पडतात, मग तो ते बाजूला ठेवतो, त्याचीही चूक नाही.

फाईल जोडताना पण तेच. जीमेलमध्ये 25 एमबीच्या वर अटॅचमेंट गेली की तिची ड्राइव्ह लिंक होते आणि परमिशन दिली नसेल तर समोरचा उघडतो तेव्हा त्याला ॲक्सेस मागावा लागतो, म्हणजे काम तुमचं आणि खेटे त्याला. नोकरीसाठी पाठवत असाल तर फाईलला स्वतःचं नाव आणि पोस्ट द्या, एचआरकडे 'रेझ्युमे फायनल' नावाच्या ढीगभर फाईली असतात.

साहेबांना सीसीत ठेवायचं असेल तर आधी विचार करा, वाचणाऱ्याला ती सरळ तक्रार वाटते. पहिल्या मेलला नकोच. 'लवकरात लवकर' ऐवजी वार आणि वेळ लिहा, आणि उत्तर नाहीच आलं तर नवीन मेल न करता त्याच मेलला रिप्लाय करून आठवण द्या, म्हणजे त्याला जुनं शोधत बसावं लागत नाही.